स्टीलच्या सिंकाचे पोचे

घरातल्या वस्तू माणसांच्या माघारी आपसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदताईंनी हौसेने स्वयंपाकघरात चिनी मातीचं पांढरंशुभ्र सिंक बसवलं आणि जुनं स्टीलचं सिंक मागच्या पडवीत हलवलं.

नव्या सिंकाला दारातून ते दिसायचं. एकदा नवं सिंक म्हणालं, "काका, अंगभर पोचे आलेत तुमच्या. चारचौघांत लाज नाही वाटत? माझ्यावर बघा, साधा चराही उठत नाही."

"भांडी पडायचीच रे, त्याचे आहेत," जुनं सिंक म्हणालं.

दुसऱ्याच दिवशी कुमुदताईंच्या साबणाच्या हातांतून त्यांच्या आईची लोणच्याची बरणी निसटली. नव्या सिंकात आदळून तिचे तुकडे झाले. बरणीही चिनी मातीचीच होती, सिंकाच्या नात्यातली.

तुकडे वेचता वेचता ताई लेकीला म्हणाल्या, "त्या सिंकात ही दोनदा पडली होती गं. पोचा त्याला आला, बरणीला काही झालं नाही."

नव्या सिंकाने ते ऐकलं. काल आपण काय बोललो ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी शेजारीण सिंक बघायला आली. त्याच्या कडेवरून हात फिरवत ती म्हणाली, "वापरात आहे असं वाटतच नाही हो, अगदी जसंच्या तसं आहे."

पडवीचं दार उघडंच होतं. पण तिकडे बघायचा धीर काही त्याला झाला नाही.