पाण्याला जाताना

“पण येशू त्या लग्नाला गेलाच कशाला, फादर?”

“बोलावलं होतं.”

ब्रदर सिल्वेस्टरला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. वसईकडच्या त्या वाडीतून पुरोहित व्हायला गेलेला तो पहिलाच मुलगा. वर्गात पुढे, वादात त्याहून पुढे. त्याला असली दीड शब्दांची उत्तरं कशी पटणार? उद्या त्याच्या बहिणीचं, सेलिनाचं लग्न होतं आणि प्रवचन तोच करणार होता. विषय काना गावच्या लग्नाचा. तिथेच घोडं पेंड खात होतं.

म्हातारे फादर इनास विहिरीच्या कट्ट्यावर बसून उद्यासाठी विड्याची पानं पुसत होते.

“गावोगाव आंधळे, महारोगी, लंगडे पडले होते,” सिल्वेस्टर म्हणाला. “आणि पहिला चमत्कार कुठे? तर पाहुण्यांचा द्राक्षारस संपला म्हणून पाण्याचा द्राक्षारस केला!”

“हो ना... सोयऱ्यांपुढे यजमानांचं नाक कापलं गेलं असतं.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

फादरांनी आणखी एक पान पुसलं.

“घरी काय चाललंय तुझ्या?”

“पाण्याला निघायची तयारी.” तो जरा घुटमळला. “सेलिना रडतेय.”

रडेल नाही तर काय! लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर यायचं, नवरीच्या आंघोळीची पहिली कळशी भावाने काढायची आणि डोक्यावर घेऊन नाचत घरी न्यायची, ही त्यांच्या आळीची रीत. सेलिनाला वडील नाहीत, भाऊ हा एकच. आणि हा म्हणाला होता, मी आता देवाच्या कामाचा माणूस, बँडपुढे नाचणं मला शोभत नाही. शहाण्याने बहिणीचं मन मोडलं आणि वर प्रवचन लिहायला बसला.

“त्या लग्नात येशूने प्रवचन काय केलं रे?” फादरांनी विचारलं.



“प्रवचन... नाही केलं.”

“मग बोलला काय?”

“चाकरांना म्हणाला, पाणी भरा.”

“आणि?”

“आणि... ते घेऊन जा.”

वळणावर बँड वाजला. माणसं विहिरीपाशी आली. पुढे सेलिना, डोळे सुजलेले, कडेवर रिकामी कळशी. भावाला पाहून तिने मान फिरवली आणि कळशी मामाकडे द्यायला निघाली.

फादरांनी ती मधेच घेतली. कळशीच्या गळ्याला दोर बांधला, विहिरीत सोडली आणि स्वतःच ओढू लागले. भरलेली कळशी अर्ध्यावर आली आणि त्यांचे हात लटपटले.

“फादर, सोडा, सोडा! मी ओढतो!”

सिल्वेस्टरने दोर धरला. फादरांनी लगेच सोडला... आणि टाळ्या वाजवायला लागले.

कळशी वर आली, डोक्यावर चढली. बँडवाल्यांना तेवढंच हवं होतं.

“दादा, पाय उचल की!” सेलिना ओरडली.

त्याने उचलले. खरं सांगायचं तर नाच त्याला येत नव्हताच. दर ठेक्याला पाणी हिंदकळायचं, त्याच्या पांढऱ्या झग्यावरून ओघळायचं, आणि सेलिना पोट धरधरून हसायची. म्हाताऱ्याकोताऱ्या बायकासुद्धा नाचत सुटल्या. अख्खी आळी खूश झाली, आणि सगळ्यांत जास्त तो स्वतः.

कळशी घरी पोचवून तो धापा टाकत विहिरीवर परत आला.

“फादर... उद्या प्रवचनात काय बोलू?”

फादरांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो नखशिखांत निथळत होता.

“उद्या हाच झगा घालून उभा राहा. वाळत घालू नकोस.”