लॅटिनमधला गूळ

महाराजांनी आपल्या गुऱ्हाळावर मुख्य गुळव्या म्हणून येसबाला नेमायचं ठरवलं आणि विलायतेहून परतलेले बॅरिस्टर राजाध्यक्ष आडवे आले. "महाराज, उकळणं म्हणजे काय, हे तरी याला ठाऊक आहे का? आधी परीक्षा घेतो."

काहिलीत उसाचा रस रटरटत होता आणि येसबाला तिच्यापासून चार हात लांब उभं केलं होतं. बॅरिस्टर सांगत सुटले. लॅटिनमध्ये बुडबुड्याला बुल्ला म्हणतात, त्यावरून इंग्रजीत बॉइल आला. उत्साह उतू जाणारा माणूस एब्युलियंट, तोही त्याच घरातला. फर्व्हेरे म्हणजे उकळणं, म्हणून फसफसतं ते एफर्व्हेसंट आणि तळमळीचं ते फर्व्हंट.

येसबाचं डोकं गरगरलं. बुडबुडा एक आणि नावं इतकी कशाला? त्यात माणूस कुठून उतू जायला लागला, तेही कळेना. तेवढ्यात रसाचा वास बदलला; आणखी थोडा वेळ गेला तर गूळ करपणार. आता साहेबांचं ऐकावं की काहील सांभाळावी?

"साहेब," त्यानं चाचरत विचारलं, "यातला कुठला शब्द आला की काहील उतरवायची?"

बॅरिस्टरांनी बोटांवर शब्द पुन्हा मोजले. "तसा शब्द... लॅटिनमध्ये नाही."

"मग त्या लोकांनी नुसते बुडबुडेच बघितले म्हणायचे. गूळ काही केला नाही." येसबा गड्यांकडे वळला. "उतरवा रे."

काहील उचलून गडी निघाले, तसे बॅरिस्टरसाहेब न सांगता चार हात मागे सरले.