उतारावरचं क्रियापद

"...मग या शब्दांत फरक कुठे पडतो, ते सांग," मास्तर म्हणाले.

प्रद्युम्नला हाच प्रश्न हवा होता.

त्यानं सांगायला सुरुवात केली. 'स्टॅगर' करणारा माणूस मार खाल्लेला असतो, नाहीतर फार दमलेला. तो झोकांड्या खातो, पण पुढे जातो. 'रील' करणारा जागच्या जागी भेलकांडतो, कारण त्याचं डोकं आधी फिरतं. 'लर्च' म्हणजे एकदम एका अंगाला झोक जाणं, बस खड्ड्यातून गेली की उभ्या प्रवाशाचा जातो तसा. 'टॉटर' म्हणजे पडण्याच्या बेतातलं लटपटणं. आणि ताबा सुटलेली गाडी कलत, भरधाव निघाली की ती 'कॅरीन' करते.

मास्तर ऐकत होते. चेहऱ्यावर कौतुक होतं.

संन्यास घेऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. दीक्षेचं नाव सर्वेश्वरानंद. पण त्याआधी ते शाळेत इंग्रजी शिकवत, त्यामुळे गावानं त्यांना मास्तरच ठेवलं. मठ नदीकाठच्या खोलगट जागेत होता. डांबरी रस्ता वर, आणि तिथून मठापर्यंत मुरमाची उतरती पायवाट.

प्रद्युम्न जगदाळे त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. आता कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि मराठी मुलांसाठी इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश करत होता. मास्तरांना तो दाखवावा, त्यांनी पाठ थोपटावी, एवढ्यासाठी तो आला होता.

"एकच नोंद अडली आहे," तो म्हणाला.

"कोणती?"

"हळू चालता येत नाही, म्हणून जो माणूस भरभर चालतो... त्याच्या चालण्याची."

मास्तरांनी मान वर केली.

प्रद्युम्ननं समजावून सांगितलं. अंग पुढे झुकतं. पाय त्याला गाठायला जातात. पावलं आखूड होत जातात आणि वेग वाढत जातो. पुढे भिंत येईपर्यंत त्या माणसाला थांबता येत नाही. डॉक्टरांकडे त्याला 'फेस्टिनेट' असा शब्द आहे. मराठीत काय लिहावं? धावणं म्हणावं, तर तो धावत नसतो. धडपडणं म्हणावं, तर तो अजून पडलेला नसतो.

"असं चालताना कुणाला पाहिलंस?"

"...पाहिलंय."

"कुठे?"

प्रद्युम्न कागद नीट करू लागला.

"वर तुझ्या गाडीत कोण बसलंय?" मास्तरांनी विचारलं. "मघापासून खोकल्याचा आवाज येतोय."

"तात्या आहेत. माझे वडील."

तात्यांना कंपवात होता. सकाळी त्यांना साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं होतं, आणि परतताना तो इथे थांबला होता. वाट उताराची, म्हणून त्यांना गाडीतच बसायला सांगितलं, असं तो म्हणाला.

मास्तर वर गाडीकडे बघत राहिले.

त्यामुळे प्रद्युम्नला पुढचंही सांगावं लागलं. गेल्या वर्षी कॉलेजात त्याचा सत्कार होता. तात्या हार घेऊन व्यासपीठाकडे निघाले. पावलं आवरेनात. ते थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांवर जाऊन आदळले. मागं कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यानं घेतलेली दिसते. त्यानंतर त्यानं तात्यांना चार माणसांत नेलं नव्हतं.

"उगाच त्रास नको म्हणून," तो म्हणाला.

"कुणाला?"

वर गाडीचं दार वाजलं.

दोघांनी तिकडे पाहिलं. तात्या उतरले होते. पायवाटेच्या तोंडाशी ते क्षणभर थबकले, जणू पाय जमिनीला चिकटले होते. मग एक पाऊल सुटलं, त्यामागून दुसरं, आणि उतारानं त्यांना ओढून घेतलं. अंग पुढे, हात छातीशी, पायांची बारीक घाई.

"तात्या, थांबा," प्रद्युम्न ओरडला. "हळू..."

आणि तोही धावत सुटला.

निम्म्या वाटेत मुरमावरून त्याचा पाय निसटला. घोटा मुरगळला. तरी तो थांबला नाही, थांबणं त्याच्या हातात उरलंच नव्हतं. तो तसाच वेडावाकडा वर गेला आणि तात्यांच्या अंगावर आदळला. दोघं वाटेकडेच्या गवतात पडले.

"लागलं का रे तुला?" तात्यांनी विचारलं.

प्रद्युम्न रागावला होता. बसून राहा म्हणून सांगितलं होतं, तरी का उतरलात, असं त्यानं विचारलं.

तात्यांनी शर्टाला लागलेली माती झटकायचा प्रयत्न केला. हात थरथरत होता, त्यामुळे माती जास्तच पसरली. शर्ट कडक इस्त्रीचा होता. सकाळी त्यांनी हाच शर्ट मागितला, तेव्हा प्रद्युम्नला वाटलं होतं, डॉक्टरांकडे जायचंय म्हणून.

"तुझ्या मास्तरांना भेटायचं होतं," तात्या म्हणाले. "तुला शिकवलं त्यांनी. एकदा पाया पडावं, असं फार दिवस मनात होतं."

प्रद्युम्ननं मान खाली घातली. मग स्वतःच्या रुमालानं तो वडिलांच्या शर्टावरची माती पुसू लागला. बराच वेळ पुसत राहिला.

मास्तर काठी टेकत चढून आले. तात्या पाया पडायला वाकू लागले, तेव्हा मास्तर चटकन त्यांच्याशेजारी गवतातच बसले. मग तात्यांचा हात त्यांच्या पायांना पोचेना. दोघं म्हातारे हसले.

मठातून तिथंच चहा आला. मास्तरांनी तात्यांचा कप अर्धाच भरला, आणि आपलाही अर्धाच. प्रद्युम्न लहानपणी कसा होता, यावर दोघं बोलत बसले. तात्याही शाळेतच नोकरीला होते, हे बोलण्यात निघालं. तात्यांनी मुलाच्या तक्रारी सांगितल्या, मास्तरांनी त्याची बाजू घेतली. प्रद्युम्न मध्ये बसून ऐकत होता. वडिलांना इतकं बोलताना त्यानं पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

निघायची वेळ झाली.

प्रद्युम्न उठला आणि कळवळून पुन्हा खाली बसला. घोटा चांगलाच सुजला होता.

तात्या शेजारच्या झाडाला धरून उभे राहिले. पुढे पाऊल टाकायला गेले, पण पाय उचलेना. गुडघे नुसते थरथरत राहिले. प्रद्युम्न सवयीनं काहीतरी सांगायला गेला, तेव्हा मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी आपली काठी पुढे केली.

तात्यांनी ती घ्यायला हात लांबवला.

मास्तरांनी काठी प्रद्युम्नच्या हातात दिली.

"तुम्ही शाळेत काय शिकवायचात?" त्यांनी तात्यांना विचारलं.

"कवायत."

"मग याला वर घेऊन जा. त्याला चालता येत नाहीये."

तात्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या पायाकडे पाहिलं. त्यांची हनुवटी किंचित वर आली, पाठ होईल तेवढी ताठ झाली.

"खांद्याला धर," ते म्हणाले. "डावा आधी."

आणि मग मैदानावरचा तो जुना आवाज, थोडा चिरकलेला, पण तोच.

"एक..."

त्या आकड्यासरशी तात्यांचा पाय जमिनीपासून सुटला. उंच उचलला गेला आणि जिथे टेकायचा तिथेच टेकला.

"...दोन."

काठी टेकत, लंगडत प्रद्युम्ननंही पाऊल टाकलं. दोघं चढ चढू लागले. तो घाई करायला गेला की तात्या आकडा लांबवत आणि तो थांबे. त्याचा तोल गेला की खांद्याखालचं ते हलतं शरीर त्याला सांभाळून घेई. वडिलांच्या खांद्यावर हात टाकून तो शेवटचा कधी चालला होता, ते त्याला आठवेना. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

निम्मी वाट गेल्यावर त्यानं मान वळवली. मास्तर खाली गवतातच उभे होते.

"मास्तर, मी..."

"आत्ता नको," खालून मास्तर म्हणाले. "पाऊल चुकेल."