डोंगरेसरांनी न उचललेली लेन्स

बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीने यंदा कॅलेंडरच्या फोटोंचं काम वैजू चोगलेला दिलं आणि डोंगरेसरांच्या पोटात दुखू लागलं. इतकी वर्षं ते काम त्यांचं होतं. आता ही कालची पोर एकच झूम लेन्स गळ्यात अडकवून होडीवर चढणार, हे त्यांना बघवेना.

आपल्या सगळ्या लेन्स घेऊन ते सोसायटीत आले आणि वैजूसमोरच चेअरमन पावशेतात्यांच्या टेबलावर त्यांनी त्या मांडल्या.

"तात्या, हिला लेन्समधलं काय कळतं? होडीवर न्यायला यातली सर्वांत भरवशाची कोणती, ते सांगू दे. चुकली तर काम माझं."

"आणि बरोबर की चूक, कोण ठरवणार?" वैजूने विचारलं.

"मीच! दुसऱ्या कोणाला कळतंय इथं?"

ती कुठलीही दाखवो, सर नाहीच म्हणणार, हे तात्यांनाही कळून चुकलं.

वैजूने तात्यांच्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. "होडीवर लाटेचं पाणी उडतंच, सर," असं म्हणत तिने ओंजळ टेबलावर धरली.

"अगं, थांब!" सरांनी झडप घालून लेन्स छातीशी कवटाळल्या. टेबलावर एकच उरली, त्यांची जुनी झूम. तिच्यावर पाणी पडलं आणि ओघळून गेलं.

"ही का नाही उचललीत?"

"तिला काय होतंय! जवळचं, लांबचं सगळं टिपते आणि पाण्यालाही दाद देत नाही," सर तावातावाने म्हणाले.

"माझीही अशीच आहे," वैजू म्हणाली. "उत्तर तर तुम्हीच दिलंत, सर. आता ते बरोबर की चूक, तेही तुम्हीच सांगा."