नव्या पायलीची शीग

"आमची शीग कुणीतरी खातंय," अशी कुजबुज एका गावाच्या बाजारात सुरू झाली. कोण खातंय, ते मात्र कुणी उघड बोलेना.

फार जुनी गोष्ट. त्या गावात मडकं, घोंगडं, तेल, सगळं ज्वारीच्या बदल्यात मिळायचं. ज्वारी मोजायची गावाच्या एकाच लाकडी पायलीने, आणि मोजायचे म्हातारे तात्या. पायली भरली की काठावर ज्वारीचा डोंगर रचायचा, दाणे ओघळू लागेपर्यंत. तीच शीग. ती हाताने सपाट करावी, हे त्या गावात कुणाला सुचलंसुद्धा नसतं.

पुढे पायलीचा तळ वाळवीने खाल्ला. गावाने तरुण सुताराला सांगितलं, "हुबेहूब अशीच दुसरी कर."

त्याने जीव ओतला. काठाखालची वेलबुट्टी तीच, पितळी कडी तशीच. फक्त हाताशी असलेला ओंडका अरुंद होता, म्हणून तोंड जरा लहान घेऊन पायली जास्त खोल कोरली. जुनीच्या तळाला फडकं लावून, ती काठोकाठ भरून ज्वारी नवीत ओतली. दाणा कमी नाही, दाणा जास्त नाही. गावाने त्याला फेटा बांधला.

आणि मग ती कुजबुज. घरी नेलेली ज्वारी पूर्वीसारखी पुरेना. संशय गेला तात्यांवर.

"तात्या, म्हातारपणी हात आखडला का?" तेल्याने टोमणा मारला.

तात्यांनी पायली खाली ठेवली. "उद्यापासून दुसरा मोजणारा बघा," एवढंच म्हणाले.

सुतार तिथेच उभा होता. लहानपणी तात्यांच्या शिगेतून ओघळलेले दाणे त्याने वेचून खाल्ले होते. तेव्हा ते पायलीभोवती किती लांबवर पसरायचे. आज ते बुडाशीच पडले होते. तोंड अरुंद, म्हणून डोंगरही लहान. आतलं माप त्याने जुळवलं होतं. काठावरचं जुळवायचं राहून गेलं होतं.

गप्प बसला असता, तर फेटा डोक्यावर राहिला असता. त्याने तो काढून तात्यांच्या पायाशी ठेवला.

"तात्यांचा हात तोच आहे. पायलीचं तोंड मी लहान केलं."

मग त्याने जुनी पायली मागवली, फडक्यावर ठेवली, तात्यांना भरायला लावली. केवढी शीग उभी राहिली. तेल्याने मान खाली घातली.

सुताराने नव्या पायलीवर कुऱ्हाड उचलली.

"एवढी देखणी वस्तू फोडतोस कशाला?" कुणीतरी म्हणालं. "घरात शोभेला ठेव."

"देखणी आहे म्हणूनच फोडतो. नाहीतर उद्या पुन्हा कुणीतरी हिच्यानेच मोजेल."

पुढच्या बाजारी रुंद ओंडक्याची पायली आली. घाईत केलेली, ओबडधोबड, वेलबुट्टी नसलेली. तात्यांनी शीग रचली. दाणे लांबवर ओघळले, पोरं धावली.

तात्पर्य निराळं सांगायला नको. मडकी घेऊन उभी असलेली कुंभारीण पदर पसरत म्हणाली, "दिसायला जुनीसारखी नाही रे बाबा. पण देते मात्र जुनीसारखी."