पावडरीचा डबा

"मग खालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललंस?"

"दोनदा, उस्ताद. मागचं ऑइल सीलही नवं टाकलं. तरी खाली थेंब पडतोच."

ज्यांच्या हाताखाली दिगंबर हे काम शिकला ते म्हातारे दस्तगीर मिस्त्री गाडीखाली वाकले. दिगंबरला वाईट वाटलं. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा म्हणून त्याचं बार्शीत नाव. पण नाव झालं की माणूस वाकून बघायचं सोडतो. आता दिव्याखाली अंधार, स्वतःच्याच गाडीची तेलगळती सापडेना.

"गाडी कुणाची?"

"सुलभाची… शाळेत शिकवायला हिच्यातूनच सोडायचो तिला. आता विकतोय. घरात ठेवून करू काय?"

बायको जाऊन चार महिने झाले होते. तिसऱ्या दिवशी राख सावडून चौथ्या दिवशी दिगंबरनं गॅरेज उघडलं होतं. खंबीर गडी, असं गाव म्हणालं. त्यालाही ते बरं वाटलं होतं.

"इंजिन धू डिझेलनं. कोरडं कर. मग पावडर मार."

"कसली पावडर?"

"तोंडाला लावत्यात ती. तेल पांढऱ्यावर लपत न्हाई."

गाडीच्या कप्प्यात डबा होता. सुलभाचाच. शाळेच्या फाटकाशी उतरण्याआधी ती मानेला दोन बोटं पावडर लावायची. डब्याची भोकं बुजली होती, म्हणून दिगंबरनं झाकण काढलं.

"तळहातावर घे अन् फुंक. आन् आता काय बी झालं तरी फडक्याला हात लावायचा न्हाई."

त्यानं फुंकर मारली. निम्मी पावडर इंजिनवर बसली, निम्मी उलटून त्याच्या तोंडावर आली. वास मात्र सगळीकडे झाला.

त्यानं गाडी चालू केली. दोघं वाकून बघत राहिले.

पाच मिनिटं… दहा मिनिटं…

मग पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. पार वर, इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागून निघाली आणि सावकाश उतरत खाली चेंबरपाशी येऊन थांबली. तिथं थेंब धरला.

"वरनं गळत होतं," दिगंबर पुटपुटला.

"आन् तू खाली पुसत बसलास."

"रोज सकाळी पुसत होतो, उस्ताद. कुणाला दिसू नये म्हणून."

म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. तो वास तेवढा राहिला.

आज फाटकाशी कुणालाच सोडायचं नव्हतं, उद्याही नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच हे दिगंबरला कळलं, आणि ते त्याला सोसवेना.

त्याच्या पांढऱ्या गालावरून एक ओली रेघ खाली उतरली. मग दुसऱ्या गालावरून. लाजून त्यानं खांद्यावरचं फडकं ओढलं.

दस्तगीर मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"म्हटलं न्हवं, दिगू… फडक्याला हात लावायचा न्हाई."