न वाकणारा स्पिंडल

"उस्ताद, वाकणार नाही ना?"

दस्तगीर उस्तादांनी स्पिंडल हातात घेतला. मोटारीचं पुढचं चाक ज्यावर फिरतं, तो वीतभर पोलादी दांडा. त्यांनी त्यावर टिचकी मारली आणि कानाशी धरला.

"न्हाई वाकायचा."

मकरंदचा जीव भांड्यात पडला. वडिलांच्या साठ वर्षांच्या मोटारीचे स्पिंडल आता कुठेच मिळत नव्हते. त्याने महिनाभर खपून नवा आराखडा काढला आणि कोल्हापुरात उस्तादांच्याच लेथवर दोन्ही घडवले. इंजिनियर होता, आणि ते कुणाला विसरू देत नसे. पण रविवारी वडील आईला शेजारी बसवून याच चाकांवर घाट उतरणार होते. आठ दिवस त्याला धड झोप नव्हती.

"पाणी कुणी दिलं ह्याला?" उस्तादांनी विचारलं.

"मीच. लालबुंद तापवून तेलात बुडवला."

"आन् मग मंद आचंवर शेकलास?"

"नाही."

"इसरलास?"

"मुद्दाम नाही शेकला. शेकला की नरम पडतो." मकरंद जरा थांबला. "...मला भीती वाटली."

उस्ताद पाय लांब करून बसले.

"जुना का काढला रं?"

"आंबोलीच्या घाटात वाकला. स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. बाबा घाबरले, गाडी कडेला घेतली. उतरून बघतात तर चाक तिरकं."

"मंग?"

"मग काय... ट्रकवर घालून आणली. चारचौघांत शोभा झाली."

"बाबा कुठं हायत आता?"

"घरी. चहा पीत असतील."

"बरं."

उस्ताद उठले. स्पिंडल शेगड्यात, लोखंड आवळून धरायच्या त्या जबड्यात, घट्ट आवळला. वर एक पोतं टाकलं. कोपऱ्यातला घण उचलला.

"अहो उस्ताद, महिना गेलाय माझा!"

घण पडला. एकदाच.

बरणी फुटावी तसा आवाज झाला. उस्तादांनी पोतं बाजूला केलं. अर्धा दांडा शेगड्यात होता, अर्धा जमिनीवर. तुटलेली जागा करडी, रव्यासारखी खरबरीत.

"बघ. वाकला न्हाई."

मकरंद होता तिथेच खाली बसला. त्याला घाटातलं वळण दिसलं. आईचा हात खिडकीवर होता, बाबा काहीतरी सांगत हसत होते, आणि चाक काहीही न कळवता गाडी सोडून निघून गेलं होतं. कॉम्प्युटरवर त्याने सगळं तपासलं होतं, हे त्याला आठवलंसुद्धा नाही.

"दुसराही... दुसराही असाच आहे, उस्ताद."

उस्तादांनी घण त्याच्यापुढे धरला.

त्याने तो घेतला, पण हात इतके थरथरत होते की घणाचा दांडा मुठीत ठरेना. दोनदा निसटला. भर दुपारी त्याला थंडी वाजत होती.

"कडक केला तर तुटतो. नरम केला तर वाकतो. मग कसा करू मी?"

उस्तादांनी पुढे होऊन त्याचं थरथरणारं मनगट धरलं आणि त्याच्याच डोळ्यांसमोर आणलं.

"ह्या हातावाणी कर. मोडायच्या आधी कळवतोय बघ."